आत्याचं जडत्व

माझे बाबा विज्ञानाचे शिक्षक होते आणि फार चांगले शिक्षक होते, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून त्यांच्याविषयी ज्याला जे वाटायचं ते वाटू दे, पण त्यांना शिकवता येत नव्हतं असं कुणी म्हणू नये. त्यांच्या हाताखालून गेलेला मठ्ठातला मठ्ठ मुलगासुद्धा वस्तुमान आणि वजन यांतला फरक झोपेतून उठवला तरी सांगायचा.

विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात, आमचा एक खोली आणि स्वयंपाकघर एवढाच फ्लॅट होता. सकाळी शाळेत जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर बाबा त्या खोलीत शिकवण्या घ्यायचे. सतरंजी अंथरली की आठवी-नववीची मुलं गुडघ्याला गुडघा लावून बसायची आणि आई स्वयंपाकघरात कोंडली जायची. आईला खोकला आला तर ती पदराचा बोळा तोंडात धरायची, कारण शिकवताना मध्येच कुणी खोकललेलं बाबांना चालत नसे.

मी मात्र बाहेर, मुलांच्यात. मी त्यांची मुलगी होते आणि शिवाय मला ते सगळं मनापासून आवडायचं. बाबा घरातल्याच वस्तू घेऊन प्रयोग करायचे. पेल्यावर पोस्टकार्ड ठेवायचं, त्यावर नाणं, आणि कार्डाला टिचकी मारायची. कार्ड उडून जायचं आणि नाणं टणकन पेल्यात पडायचं. कॅरमच्या सोंगट्यांची चळत रचून स्ट्रायकरने खालची सोंगटी उडवायची. वरच्या सगळ्या जागच्या जागी खाली बसायच्या. ‘का?’ बाबा विचारायचे, आणि सगळी खोली ओरडायची, ‘जडत्व, सर!’ सतरंजी झटकली की धूळ का पडते? जडत्व. एसटीने ब्रेक मारला की कपाळ समोरच्या दांड्यावर का आपटतं? तेही जडत्व. बाहेरून बल लावल्याशिवाय वस्तू आपली अवस्था सोडत नाही. थांबलेली असेल तर थांबलेली राहते, चालत असेल तर त्याच वेगाने त्याच रेषेत चालत राहते. मला हा नियम इतका पटला होता की जिन्यात गोट्या सोडून मी त्या कुठे थांबतात आणि का थांबतात ते बघत बसायचे. मला पुढे सायन्सलाच जायचं होतं आणि घरात कुणाला त्याबद्दल शंका नव्हती. पाहुणे आले की बाबा मला पुढे उभं करायचे आणि म्हणायचे, ‘हिला विचारा काय विचारायचं ते.’

मी नववीत गेले त्या वर्षी माझी आत्या आमच्याकडे आली. बाबांची थोरली बहीण. रत्नागिरीकडच्या तिच्या गावात नवऱ्याने दुसरी बाई आणून ठेवली होती, आणि मूलबाळ नसल्यामुळे हिच्या बाजूने बोलायलाही तिथे कुणी नव्हतं. पत्र्याची ट्रंक घेऊन दारात उभी राहून ती म्हणाली, ‘चार दिवस राहते रे.’ बाबा म्हणाले, ‘राहा की.’ आईने दारातून सरकून ट्रंकेला जागा करून दिली, तेवढंच.

चार दिवसांचे किती दिवस होतात ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. पण आत्या बसून खाणारी बाई नव्हती. पहाटे नळाला पाणी आलं की भरायचं तिने, पोळ्या तिने, माझ्या वेण्या तिने. तिच्या बोटांना खोबरेल तेलाचा वास असायचा आणि वेणी इतकी घट्ट की डोळे ओढले जायचे. रात्री बाहेरच्या खोलीत खिडकीखाली चटई टाकून ती झोपायची. तीच तिची जागा. दिवसा ती जागा मुलांच्या बुडाखाली जायची आणि आत्या स्वयंपाकघरात ओट्याखालच्या कोपऱ्यात, पाय पोटाशी घेऊन बसून राहायची.

आईची कुरकुर भांड्यांतून ऐकू यायची. ‘वांदा तिच्या राहण्याचा नाही हो,’ ती बाबांना म्हणायची, ‘पण जाणार कधी ते तरी कळू दे.’ बाबा पेपर तपासता तपासता म्हणायचे, ‘स्थिर वस्तू आहे. बाहेरून बल लागल्याशिवाय हलायची नाही.’ त्यावर आई हसायची. आईला हसवण्याची बाबांची ही एकच तऱ्हा होती, आणि तिला ती पुरायची.

मग तो पाटाचा प्रकार झाला.

त्या संध्याकाळी आमच्याकडे घर्षण होतं, म्हणजे धडा घर्षणाचा होता. बाबांनी लाकडी पाट फरशीवर ठेवला, त्यावर पुस्तकांचा गठ्ठा ठेवला आणि एका मुलाला ढकलायला लावला. पाट सहज सरकला. बाबांचं समाधान झालं नाही. ‘वस्तुमान कमी पडतंय,’ ते म्हणाले आणि इकडेतिकडे बघायला लागले. वर्गात एक गुबगुबीत मुलगा होता. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. पण परक्याच्या पोराला पाटावर बसवून ढकलायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याची आई दारात. बाबांना एवढं व्यवहारज्ञान होतं. त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारली, ‘ताई, जरा बाहेर ये गं.’

आत्या कणकेचे हात पदराला पुसत बाहेर आली. इतकी मुलं एकदम आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर ती लाजली. ‘ह्या पाटावर बस,’ बाबा म्हणाले. आपल्याकडे बहीण कधी भावासमोर पाटावर बसते? पाटावर भाऊ बसतो आणि बहीण ओवाळते. आत्या हसून म्हणाली, ‘आज भाऊबीज उलटी की काय रे?’ मुलं खिदळली. ती पाटावर मांडी घालून बसली आणि पदर नीट करून समोर बघायला लागली. आपण काहीतरी मानाचं करतोय असंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

दोन मुलं मागून ढकलायला लागली. पाट हलेना. ‘बल लावलंय, वस्तू हललीय का?’ बाबांनी विचारलं. ‘नाही सर.’ ‘का? फरशी आणि पाट यांच्यामधलं घर्षण तेवढ्याच बलाने उलट दिशेला अडवतंय. जोर वाढवा.’ मुलांनी जोर वाढवला, आणि पाट करकरत वीतभर सरकला. एकदा हलल्यावर ढकलायला सोपं जातं, हे बाबांनी मुलांच्याच तोंडून वदवून घेतलं. खरंच सुंदर शिकवत होते ते. मी बघत होते आणि मला सगळं समजत होतं.

‘आता घर्षण कमी करू,’ बाबा म्हणाले. कॅरमच्या पावडरीचा डबा घेऊन त्यांनी फरशीवर पावडर पसरली आणि आत्यासकट पाट त्या पावडरीवर ओढून घेतला. ‘दोघांनी मिळून. खाली वाकून दोन बाजूंनी पाट धरा. एकदम, जोरात.’

पोरांनी पाटाला हिसका दिला. पाट तिच्या खालून सुटला आणि समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला. आत्या उताणी पडली आणि तिचं डोकं मागच्या शिवणाच्या मशिनच्या लोखंडी पायावर आपटलं. आवाज सगळ्यांनी ऐकला. मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग खोलीभर हसू पसरलं.

‘हसू नका,’ बाबा ओरडले. मला वाटलं, आता पोरांना झोडपणार. मी मनातून सुखावले. बाबा म्हणाले, ‘हसण्यासारखं काय आहे? निरीक्षण सांगा. पाट पुढे गेला, मग ह्या मागे का पडल्या?’

‘जडत्व, सर!’ अख्खी खोली.

‘कुठलं?’

‘विराम अवस्थेतील!’

‘शाब्बास.’

आत्या पडल्या पडल्या साडी पायांवर ओढायला बघत होती. मी उठून तिला हात द्यायला गेले तर बाबा म्हणाले, ‘थांब, एक मिनिट राहू दे तशीच. मागच्या मुलांना दिसलेलं नाही.’ मागची मुलं उभी राहून बघायला लागली. बाबांनी पट्टीने दाखवलं, पाट इथे होता, खांदे इथे होते. मग म्हणाले, ‘ऊठ ताई, झालं.’

मला त्या वेळी बाबांचा जो संताप आला तो अजून निवलेला नाही. आता कोणी म्हणेल, त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. तेच तर म्हणतेय मी. मनात काही असतं तर मग निदान तिला माणूस तरी धरल्यासारखं झालं असतं.

त्या दिवसापासून मुलांनी आत्याला नाव ठेवलं, जडत्व. ‘आज जडत्वाने पोहे केलेत वाटतं, वास येतोय.’ ‘जडत्व दिसत नाही आज.’ बाबांच्या कानावर जायचं आणि ते न ऐकल्यासारखं करायचे. कधी कधी मिशीत हसायचे. आईनेही एकदोनदा तो शब्द वापरून पाहिला. तिच्या तोंडी तो चांगला बसला.

आत्याच्या डोक्याला टेंगूळ आलं होतं. हळद लावून ती कोपऱ्यात बसली होती, तेव्हा तिने मला विचारलं, ‘काय गो, ती पोरं मला जड का म्हणतात?’

‘जड नाही गं, जडत्व. तो शास्त्रातला शब्द आहे.’

‘म्हंजे काय?’

मला तेव्हा समजावून सांगायची हौस फार. मी तिला सगळं नीट सांगितलं. वस्तू आपणहून हलत नाही. जिच्यात वस्तुमान जास्त, तिचं जडत्व जास्त. तिला हलवायला बल जास्त लागतं.

‘म्हंजे वजन जास्त.’

‘वजन नाही आत्या, वस्तुमान. वजन वेगळं.’

‘तेच ते,’ म्हणत तिने हळदीचं बोट पुन्हा टेंगळावर फिरवलं.

रात्री बाबा जेवायला बसले होते. ती वाढत होती. आमटीचा डाव हातात धरून तिने विचारलं, ‘मी जड झाले काय रे तुला?’

आपल्या भाषेत ह्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे. विचारणाऱ्याला ते माहीत असतं आणि देणाऱ्यालाही. ‘काहीतरीच काय बोलतेस’ एवढं म्हटलं की झालं; मनात काही का असेना. गावातल्या अडाण्यातल्या अडाणी भावानेसुद्धा तेच म्हटलं असतं. बाबा मात्र शिक्षक होते. ते हसून म्हणाले, ‘अगं ताई, तो जड वेगळा. तो पारिभाषिक शब्द आहे, तुला नाही कळायचा.’ शब्द सुधारून त्यांनी दुसरी पोळी मागितली. प्रश्न तसाच राहिला. आत्याने पोळी वाढली.

दुसऱ्या दिवसापासून तिने रात्रीचं जेवण सोडलं. मग सकाळच्या भाकरीची अर्धी झाली. विचारलं तर म्हणायची, ‘भूक नाय गो,’ किंवा ‘उपास आहे.’ इतके उपास कुठल्याच देवाचे नसतात. मी आईला सांगितलं तर आई म्हणाली, ‘वय झालं की खाणं कमी होतंच,’ आणि तांदूळ एक मूठ कमी घ्यायला लागली. दोन महिन्यांत आत्याच्या बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या. पाणी भरायला जाताना ती जिन्याच्या वळणावर थांबायची आणि मी तिकडून आले की लगेच चालायला लागायची. ती बारीक झाली की बाबांना ती जड होणार नाही, असा तिचा हिशेब होता. मला तो कळला तेव्हा हसावं की रडावं ते समजेना. बाबांना मी तो सांगितलाही. ते म्हणाले, ‘बघ, भाषा कच्ची असली की विज्ञान किती चुकीचं पोचतं.’ आणि खरोखरच पुढच्या तासाला त्यांनी मुलांना तो किस्सा सांगितला.

दिवाळीनंतर बाबांकडे विरार पश्चिमेच्या नंदाखाल गावाहून एक गृहस्थ आले. त्यांची मुलगी नववीच्या शिकवणीला यायची. नारळी-केळीची वाडी, मोठं घर, भाऊ सगळे परदेशात, आणि घरात ऐंशीच्या पुढची म्हातारी आई. तिच्याजवळ राहायला एखादी भरवशाची बाई हवी होती. ‘तुमच्या बघण्यात कोणी आहे का सर?’ त्यांनी विचारलं. बाबांनी एवढासुद्धा विचार केला नाही. ‘आहे ना,’ ते म्हणाले. ‘घरातलीच आहे.’

ते गृहस्थ गोंधळले. सरांची सख्खी बहीण आपल्याकडे कामाला कशी ठेवायची, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. बाबांनीच त्यांची समजूत घातली. तिला मोकळ्या हवेची सवय आहे, इथे बिचारीला कोंडल्यासारखं होतं, वगैरे. आत स्वयंपाकघरात आत्या सगळं ऐकत होती. आई तिच्याकडे न बघता लसूण सोलत होती.

जायच्या दिवशी ट्रंक दाराशी ठेवली होती. आत्याने नवी साडी नेसली होती आणि ती साडी तिच्या अंगावर राहत नव्हती, इतकी ती वाळली होती. बाबा चपला घालत होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पुढे करून मनगटं दाखवली. ‘आता कुठे रे जड आहे मी?’ ती म्हणाली. ‘बघ तरी. उचलून बघ हवं तर.’

बाबांनी ट्रंक उचलली. ‘चल, रिक्षा थांबलीय,’ ते म्हणाले.

त्या रात्री आईने खिडकीखालची जागा पुसून घेतली आणि माझ्या अभ्यासासाठी तिथे टेबल आलं. टेबल चांगलं होतं. त्याच टेबलावर मी दहावीचा अभ्यास केला.

आत्याकडून आधी आधी त्या मुलीबरोबर सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी यायची, केळीच्याच वाळक्या पानात बांधलेली. मुलगी सांगायची, तुमची आत्या आजीला हाताला धरून चर्चमध्ये मिस्सेला नेते आणि स्वतः बाहेर झाडाखाली बसते. आजी तिच्या हातचंच खाते. बाबा एक सुकेळं तोंडात टाकून म्हणायचे, ‘बरं झालं ना? उगीच इथे कुढत बसली असती.’ ते तिला भेटायला कधी गेले नाहीत. नंदाखाल आमच्यापासून लांब नाही. रिक्षाने गेलं तर अर्धा-पाऊण तास. मी जाते म्हटलं तर अभ्यास, परीक्षा, मग पुन्हा अभ्यास. हळूहळू सुकेळी यायची बंद झाली.

दहावीला मी शाळेत विज्ञानात पहिली आले. बाबांनी बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. आठवी-नववीच्या बॅचसमोर मला उभं केलं आणि म्हणाले, ‘ही आता अकरावी सायन्स, मग इंजिनिअरिंग. बघून ठेवा.’ माझ्या आयुष्यात मला तेवढं उंच कधी वाटलं नाही. आणि त्याच आठवड्यात आई जिन्यात घसरली. पावसाने पायऱ्या ओल्या झाल्या होत्या, दोन्ही हातांत बादल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, कित्येक महिने अंथरुणातच. उठवायला-बसवायला, भांडं द्यायला चोवीस तास बाईमाणूस लागेल.

बाबांनी एका मिनिटात ठरवलं. ‘ताईला आणू.’

आम्ही दोघं नंदाखालला गेलो. रिक्षात बाबा अगदी निवांत होते. ‘तिला काय, बोलवायचीच खोटी,’ ते म्हणाले. ‘आपलं माणूस शेवटी आपलं.’ मीही खुशीत होते. आत्या परत येणार, माझं कॉलेज सुरू होणार, आणि मी आल्यावर तिला सगळं सांगणार, असं माझं चाललं होतं.

घर वाडीच्या मध्ये होतं. आत्या विहिरीजवळ कपडे धूत होती. तिने मान वर केली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही आधी. गाल भरले होते, डोळ्यांना चष्मा होता, बांगड्या मनगटात घट्ट बसल्या होत्या. आम्हाला बघून ती धावत आली नाही. हातातला कपडा पिळून झाला, तो दोरीवर टाकून झाला, मग ती आली आणि तिने आम्हाला पडवीत बसवलं. आतून म्हातारीचा आवाज आला, ‘बाय, कोण आलंय?’

‘कोणी नाही आजी,’ आत्या म्हणाली. ‘क्लासचे मास्तर आलेत.’

बाबा हसले. त्यांना वाटलं, थट्टा करतेय.

तिने पाणी दिलं, चहा दिला. आईचं ऐकून ‘अरेरे’ म्हणाली, तेही नीट म्हणाली. मग बाबांनी आवाज मऊ केला. ‘आता तूच ये ताई. तुझंच घर आहे ते. मी तरी कुणाकडे बघू?’

‘मी कशी येणार?’ आत्या म्हणाली. ‘ह्यांना सोडून? आजी माझ्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाही. आणि तुझ्याकडे मला झोपायला जागा कुठाय?’

‘जागा काय, करू की.’

‘नको करूस.’

ती इतकी सरळ बोलली की मला आतून आनंद झाला. हो, आई तिकडे पलंगावर पडलेली असताना मला आनंद झाला. बाबांचा चेहरा पडला होता आणि तो पडलेला बघायला मी किती दिवस थांबले होते ते मलाच तेव्हा कळलं. मी तिच्याकडे बघून हसले. तिने चष्म्यातून माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत.

‘ही काय करते आता?’ तिने बाबांना विचारलं.

‘दहावी झाली. विज्ञानात पहिली आली शाळेत. आता सायन्सला घालायचीय.’

‘मग हिला ठेव की घरी.’

बाबा पुन्हा हसले, पण ह्या वेळी थोडं उशिरा. ‘काहीतरीच काय बोलतेस. तिचं शिक्षण आहे.’

‘मला नाही काढली शाळेतून?’ आत्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. आज बाजारात काय मिळालं ते सांगावं तशी बोलत होती. ‘मी चौथीत होते. तू रांगत होतास. आईला शेतावर जावं लागायचं, तुला बघायला कोणी नव्हतं. मास्तर घरी आले होते सांगायला, पोर हुशार आहे, काढू नका म्हणून. आपले बाबा म्हणाले, मग पोराला कडेवर तुम्ही घेणार काय? झालं. दप्तर तुझ्यासाठीच ठेवलं होतं माझं. तेच नेलंस तू पहिलीत.’

हे मी कधी ऐकलं नव्हतं. मी बाबांकडे बघितलं. ते कपातल्या सायीकडे बघत होते, म्हणजे त्यांना माहीत होतं.

‘मी मेले काय त्याने?’ आत्या म्हणाली. ‘नाही ना मेले? हीपण नाही मरायची.’

हे ती माझ्याकडे बघून म्हणाली. माझी वेणी घालणारी, रात्री चटईवर मला पोटाशी घेऊन गोष्टी सांगणारी माझी आत्या. मला वाटलं, आता हसेल आणि म्हणेल, थट्टा केली गो. ती हसली नाही. आतून म्हातारीने पुन्हा हाक मारली आणि ती रिकामे कप उचलून आत गेली. आम्ही थोडा वेळ पडवीत बसलो. ती परत बाहेर आली नाही, तेव्हा उठलो.

नंदाखालहून विरार स्टेशनपर्यंत आम्ही रिक्षाने आलो. पूर्वेला जायला आम्ही पुलावर चढलो. पाऊस थांबला होता. पुलाच्या मध्यावर त्यांनी चाल कमी केली आणि कठड्याकडे बघत म्हणाले, ‘ताईचं म्हणणं तसं अगदीच चुकीचं नाही.’

‘कुठलं म्हणणं?’ मी विचारलं. मला कळलं होतं तरी विचारलं.

‘एका वर्षाचा तर प्रश्न आहे,’ बाबा म्हणाले आणि पुढे चालायला लागले.

सायन्सच्या प्रवेशाची तारीख त्याच आठवड्यात होती. त्या दिवशी सकाळी आईला भांडं देऊन मी ते धुऊन ठेवलं, आणि बाहेरच्या खोलीत बाबांची नवी बॅच येऊन बसली. आई पुढे धरून उभी राहायला लागली तरी एकटी चालू शकेपर्यंत दोन वर्षं गेली. बारावी मी बाहेरून केली, कला शाखेतून.